डावी पोटरी आणि दोघांची शर्यत

मी डावी पोटरी बोलतेय. गुडघ्याच्या खाली, मागच्या बाजूला असते, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही. पण मी अडून बसले, तर भल्याभल्यांना जागेवर बसवते!

माझी मालकीण शिवणकाम करते. वीस वर्षं मी तिच्या पायाखालचं मशीन चालवलं. तिच्याच घरात राहणारा धाकटा भाऊ इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर आहे. त्याला दिसत नाही. चाळिशीत त्याला धावण्याचं खूळ लागलं. एकट्याने कसं धावणार? मग दोघांच्या मनगटांना एक दोरी बांधली गेली आणि माझे सुखाचे दिवस संपले.

पहिल्या आठवड्यात मी अशी ठणकले, की तिला वाटलं मी बिघडलेच. बिघडते कसली! जास्त राबलं, की माझे धागे बारीक बारीक उसवतात. विश्रांती मिळाली, की मी ते पुन्हा विणते, आधीपेक्षा घट्ट. शिवणारीचीच पोटरी ना मी! हळूहळू माझ्यात रक्ताच्या नव्या वाटाही फुटल्या.

पण एका बाबतीत तिने माझा घात केला. माझ्या पोटात साखरेचं कोठार असतं. लांब धावलं, की ते रिकामं होतं. धावून आल्यावर पहिला तासभर तर मी नुसती वखवखलेली असते. मिळेल ते भराभर साठवते. आणि ही बाई? "वजन वाढेल," म्हणून काळी कॉफी पिऊन थेट मशीनवर!

मागच्या वर्षी बेचाळीस किलोमीटरची शर्यत होती. एकतिसाव्या किलोमीटरला मी हात टेकले. असा गोळा आला, की ती रस्त्यातच बसली. भावाच्या अंगात अजून दम होता, पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला तोही थांबला.

"तू दुसऱ्या कुणाबरोबर तरी जा रे पुढे," ती रडत म्हणाली.

"गप बस." त्याने मला चाचपलं. "दगड झालाय नुसता. ताई, लांब धावून आल्यावर तू खातेस काय?"

ती बुटाची नाडी सोडायला लागली.

"मला दिसत नाही, पण ऐकू येतं. दर रविवारी तुझी फक्त कपबशी वाजते. ताट वाजतच नाही."

त्या दिवसापासून धावून आलं, की तो तिच्यासमोर ठाण मांडायचा. उकडलेले बटाटे, अंडी, केळी, दूध. ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचा नाही. आठवड्यातले दोन दिवस मला हक्काची सुट्टीही मिळाली. मी भरले, मुरले, ताकदीची झाले.

यंदा एकतिसावा किलोमीटर आला, तेव्हा तिचा श्वास अडखळला. तो भीतीने, माझ्यामुळे नव्हे. मी खणखणीत होते. पुढचा चढ मी असा चढवला, की भाऊच म्हणाला, "ताई, जरा हळू!"

शेवटी लोकांचा एकच गलका. ती हसतेय, रडतेय आणि धावतेच आहे.

"ताई, रेषा आली का गं?"

"अय्या! ती केव्हाच मागे गेली!"

"मग थांबायचं का?"

"थांब ना रे!"

आत्ता दोघं फुटपाथवर बसलीत. ती केळं खातेय, तो दुसरं सोलतोय. उद्या-परवा मी ठणकणार, जिना उतरताना तिला कठडा धरायला लावणार. त्याला दुखणं म्हणू नका, ते माझं विणकाम आहे. तुमच्याही पोटऱ्यांना खुशाल राबवा. फक्त राबवून उपाशी ठेवू नका.

बरं, येते. मला बरंच काम पडलंय.