एक समीकरण वाढलं

टायपिस्टबाईंनी प्रबंधाचा गठ्ठा टेबलावर आपटला नाही, हेच त्यांचं मोठेपण. "दुसऱ्या प्रकरणात तुम्ही एक समीकरण वाढवलंत," त्या म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या सगळ्या समीकरणांचे नंबर बदलले. मजकुरात जिथे जिथे 'अमुक समीकरण पाहा' म्हटलंय, तिथलेही बदलले. मी सगळं नव्याने टाइप करणार आणि तुम्ही आणखी एक घेऊन परत येणार. मला माफ करा, मी आता हात लावायची नाही."

त्यांचं तरी काय चुकलं? टाइपरायटरवर गणिताची चिन्हं नसतात. बाई जागा सोडत जायच्या आणि थोरली मागून बारीक निबेच्या पेनाने ती भरत बसायची. वाऱ्यात पूल का डोलतात, या एका प्रश्नापायी थोरलीने ऐन उमेदीची वर्षं घातली होती. आता सत्र संपायच्या आत प्रबंध दाखल झाला नाही, तर नोंदणी रद्द होणार होती आणि सगळं मुसळ केरात जाणार होतं. बरं, ते समीकरण गाळावं, तर सिद्धतेला भलंमोठं भोक. ते भोक तिच्या मार्गदर्शक सरांनी शोधलं होतं, आणि शोधलं तेही अगदी शेवटी.

"माझ्याकडे एक प्रोग्रॅम आहे," धाकटी म्हणाली.

धाकटी म्हणजे सख्खी बहीण, त्याच कॉलेजात संगणकाच्या खोलीची व्यवस्था बघणारी. खोलीत संगणक एकच, आणि त्याला फ्लॉपी घालायची फटही एकच. कुणा दूरच्या गणितज्ञाने गणिताची पुस्तकं देखणी छापता यावीत म्हणून तो प्रोग्रॅम लिहिला होता आणि सगळ्यांना तसाच देऊन टाकला होता. मग कुठल्या कुठल्या हौशी लोकांनी काटछाट करत तो छोट्या संगणकात बसवला होता.

"फुकट?" थोरलीने विचारलं.

"फुकट. फक्त मागेल त्याला कॉपी करून द्यायची."

"मग त्यात काहीतरी खोट असणार."

खोट नव्हती, नखरे मात्र होते. पडद्यावर सूत्र दिसायचंच नाही. दिसायच्या त्या नुसत्या आज्ञा: हे वर चढव, ते खाली उतरव, इथे मुळाचं चिन्ह काढ. एखादा कंस मिटवायचा राहिला की स्वारी फुरंगटून बसायची. आज्ञांची पानं व्हायला प्रकरण संगणकातून 'फिरवायचं', आणि एक प्रकरण फिरेपर्यंत माणूस चहा पिऊन, गप्पा मारून परत यायचा. थोरलीने नावं ठेवत ठेवतच ते शिकून घेतलं. पण दुसऱ्या प्रकरणात नवं समीकरण घालून तिने सगळं दोनदा फिरवलं, एकदा नंबर मोजायला आणि एकदा ते जागोजागी भरायला, आणि नंबर आपोआप सरकले. मजकुरातले उल्लेखही सरकले. ती कागद हातात धरून उभीच राहिली. टायपिस्टबाईंना दाखवावं, असं तिला फार वाटलं.

एवढं झाल्यावर दोघी गुण्यागोविंदाने राहिल्या असतील असं वाटेल, पण छे. धाकटीकडे लोकांची रीघ लागली होती. कुणी रसायनवाला यायचा, कुणी शाळामास्तर. सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले एक काका तर बस बदलत बदलत, कोऱ्या फ्लॉप्या रुमालात बांधून आले. फट एकच असल्यामुळे कॉपी करायची म्हणजे मूळ फ्लॉपी आत घाला, काढा, कोरी घाला, काढा, परत मूळ घाला, असा दळणासारखा उद्योग. तेवढा वेळ थोरलीचं काम खोळंबायचं.

"धर्मशाळा उघडलीयस का?" ती काकांच्या देखतच म्हणाली. काकांनी खिडकीबाहेर बघितलं.

"अगं, आपल्यालाही कुणीतरी दिलंच ना," धाकटी म्हणाली.

पाचव्या प्रकरणात गाडं अडलं. तिथे एक समीकरण होतं, पानभर पसरलेलं, प्रबंधाचा सगळा जीव त्यातच. संगणक तिथवर यायचा, मेमरी संपली म्हणायचा आणि थांबायचा. थोरलीने ते तोडून पाहिलं, वाकवून पाहिलं. हट्टाने ते तिथेच बसलं.

त्यातच एका दुपारी पुन्हा एक जण कॉपी मागायला आला. धाकटी बाहेर गेली होती. "आणा इकडे," म्हणत थोरलीने त्याची फ्लॉपी जवळजवळ ओढूनच घेतली. पीडा लवकर टळावी, एवढंच तिच्या मनात. मूळ फ्लॉपीच्या खाचेवर धाकटी नेहमी चिकटपट्टी लावून ठेवायची, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाऊ नये. मुखपृष्ठाची मापं त्याच फ्लॉपीवर साठवायची म्हणून थोरलीने ती पट्टी आदल्या दिवशी काढली होती आणि परत लावली नव्हती. आता रागारागात फ्लॉप्यांची उलटापालट झाली. संगणकाने इमानेइतबारे कोऱ्या फ्लॉपीची कॉपी मूळ फ्लॉपीवर करून दिली. प्रोग्रॅम गेला.

जादा प्रत होती ना? होती. कोऱ्या फ्लॉप्या संपल्या तेव्हा धाकटीने तीही कुणाला तरी देऊन टाकली होती. प्रबंधाची प्रकरणं वेगळ्या फ्लॉपीवर शाबूत होती, पण ती छापायची कशाने?

धाकटी आली तेव्हा थोरली खुर्चीत बसून रडत होती. "माझ्या हातानेच मी वाटोळं केलं," ती म्हणाली. धाकटीला भरपूर बोलता आलं असतं. तिने पदर खोचला, फोनपाशी जाऊन बसली आणि ज्यांना ज्यांना फ्लॉप्या दिल्या होत्या, त्यांना एकेक करून फोन लावू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेवाले काका दारात हजर. तोच रुमाल, त्यात फ्लॉप्या. थोरलीला त्यांच्याकडे बघवेना. "काका, त्या दिवशी मी..." ती म्हणाली.

"ते राहू दे. आधी हे घाल," काका म्हणाले. "माझ्या मोजणीची समीकरणं लांबलचक. तुमची कॉपी तिथे अडकायची. मी ज्याला त्याला पत्रं लिहीत सुटलो. शेवटी एकीने दुरुस्त करून पाठवली. जागा कमी खाते म्हणे. कोण, कुठली, मला काही माहीत नाही."

थोरलीने पाचवं प्रकरण सुरू केलं. संगणक त्या समीकरणापाशी आला. तो पुढे गेला. प्रिंटर किरकिरत एकेक ओळ उतरवू लागला, आणि ते पानभर समीकरण, कंस, मुळं, शेपट्यांसकट, असं काही सरळ उभं राहिलं की थोरलीने काकांना वाकून नमस्कारच केला.

दाखल करायच्या दिवशी सकाळी सर आले, ओशाळलेले. "पहिल्या प्रकरणात एक पायरी सुटलीय," ते म्हणाले. "एक समीकरण घालावं लागेल. पण आता कसं शक्य आहे? जाऊ दे, परीक्षक विचारतील तेव्हा बघू."

"सर, बसा," थोरली म्हणाली. "चहा घ्या. कुठे घालायचं तेवढं सांगा."

पहिल्या प्रकरणात! म्हणजे प्रबंधातला एकूण एक नंबर सरकणार. टायपिस्टबाईंना तर भोवळच आली असती. थोरलीने समीकरण घातलं, दोनदा फिरवलं, आणि दुपारपर्यंत सगळा प्रबंध नव्याने छापून बांधून घेतला. सर पानं उलटून नंबर तपासत बसले होते. एकही चुकलेला सापडेना, तेव्हा नाइलाजाने त्यांनी चहा संपवला.

कार्यालय बंद व्हायच्या आत दोघी बहिणी खिडकीपाशी पोचल्या. कारकुनाने शिक्का मारला, पोच दिली, आणि सहज एक पान उघडून तो बघतच राहिला. "कुठल्या छापखान्यातून करून घेतलंत हो हे? माझ्या मेहुणीचा प्रबंध याच समीकरणांपायी रखडलाय."

"घरचाच आहे छापखाना," थोरली म्हणाली. "उद्या त्यांना आमच्याकडे पाठवा. कोरी फ्लॉपी नसली तरी चालेल, माझ्याकडची देईन."