हलगी थांबली तेव्हा

धोंडुबाई उंबऱ्यावर बसली होती खरी, पण जीव सगळा कानात आला होता. ओढ्यापलीकडच्या मैदानात हलगी कडाडत होती. हलगी वाजतेय तोवर कुस्ती चालू, म्हणजे पोरगा धड आहे, एवढंच ती धरून बसली होती. बाईमाणसानं मैदानात जायचं नाही, अशी गावाची रीत. कुणी घातली कुणास ठाऊक, पण बिचारीनं जन्मभर पाळली.

ब्याण्णव सालच्या जत्रेत अशीच हलगी मध्येच थांबली होती. तिचा नवरा आकाराम पैलवान डाव टाकता टाकता मातीत कोसळला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, बंद पडलेल्या काळजाला शॉक देऊन चालू करायचं यंत्र असतं, पण ते सांगलीला. आता सांगली गाठेपर्यंत माणूस राहतोय कशाचा?

तेव्हापासून पोरानं, इंद्रजितनं, एकच ध्यास घेतला. ते यंत्र गावच्या दवाखान्यात आणायचं. शेवटी जत्रेचे कारभारी भाऊसो तयार झाले, पण पैजेवर. म्हसवडच्या अर्जुनाला चितपट केलं तर इनामाच्या पैशात यंत्र. हरला तर पैसा अर्जुनाचा. आणि अर्जुनाची पाठ अजून कुणी मातीला लावली नव्हती.

हलगी थांबली.

धोंडुबाई ताडकन उठली. हवा सर्द होती. अशा हवेत चामडं ढिलं पडतं, मग हलगीवाला ते जाळावर शेकून घेतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पैलवानाची बायको ती. पण भ्यालेल्या माणसाला कसलं चामडं आणि कसला जाळ. अनवाणीच पळत सुटली ती, आणि "आवं मावशी, कुठं निगाला?" असं लोक विचारेपर्यंत आखाड्याच्या कडेला पोचलीसुद्धा.

इंद्रजित वर होता. अर्जुनाचा एक खांदा मातीला टेकलेला, दुसरा टेकायला वीतभर बाकी.

"इंद्रा," तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं मान वळवली. मैदानात आई? पकड सैल पडली, अर्जुनानं झटक्यात त्याला उलटा केला आणि पाठ मातीला लागली. कोपऱ्यात हलगीवाला जाळावर हलगी धरून बघत राहिला.

धोंडुबाईनं पोराच्या छातीवर हात ठेवला. काळीज धडधडत होतं. तिला हायसं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

"म्या घालवलं रं तुजं."

"कशापायी आलीस, आये?"

"हलगी थांबली."

अर्जुना शेजारीच धापा टाकत उभा होता. त्यानं ते ऐकलं. भाऊसोंनी नोटांचं पुडकं पुढं केलं.

"घे गड्या. ठरल्यापरमानं तुजं हाय."

अर्जुनानं हात मागं घेतला.

"आवं, त्येचं यंतर आना. मी बी ह्याच मातीत उतरतुया." तो धोंडुबाईकडं बघत म्हणाला, "माजी आय बी अशीच दारात बसून असती, मी मागारी येईस्तवर."