तीस सेकंदांची शांतता

क्लायंटचं ऐकायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. लोगो मोठा करा म्हणाला की मोठा करायचा. माझे दीर कॅमेरा धरतात, मी आवाज सांभाळते. दोघांची मिळून छोटीशी कंपनी. अकरा वर्षांत एकही क्लायंट तुटला नाही, कारण भाऊजी गोड बोलतात आणि मी तोंडाला कुलूप लावून बसते. माझ्या स्वभावाला ते किती जड जातं, ते माझं मला ठाऊक!

हे काम एका कोल्ड स्टोरेज कंपनीचं होतं. आतल्या गोठवणाऱ्या खोलीत कसं वागायचं, ते नव्या कामगारांना शिकवणारी फिल्म. आमच्याशी बोलायला नेमलेली मॅडम तिशीची, चटपटीत, हसरी. पहिल्या दिवशी ऑफिसात तिची मुलाखत झाली. मुलाखत संपली की मी सगळ्यांना तीस सेकंद गप्प बसवते आणि नुसत्या खोलीचा आवाज घेते. एसीची घरघर, भिंतीपलीकडची पावलं, असं काहीबाही. एडिटिंगमध्ये जोड लपवायला ते लागतं.

मॅडम समोर ओठ मिटून बसली होती. माझ्या हेडफोनमध्ये पत्र्यावर धपधप ऐकू आली. मग तिचाच आवाज, "अहो, कोणी आहे का? दार उघडा ना! मी आत राहिलेय!" माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ती माझ्याकडे बघून हसतच होती.

गाडीत भाऊजींना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तरी म्हणाले, "वहिनी, साफ करून टाका. क्लायंटला घाबरवायचं नसतं."

"आणि उद्या बाईच्या जिवावर बेतलं म्हणजे? उद्याचं शूटिंग कुठे आहे, माहितीये ना?"

शूटिंग त्या गोठवणाऱ्या खोलीतच होतं.

सकाळी मी मॅडमलाच ऐकवलं. ती खो खो हसली. "ताई, मस्त जमवलंत हं! पण आत मी जाणारच. स्क्रिप्ट मंजूर झालीय."

जा बाई, म्हटलं, पण दार मी लागू देणार नाही. जाडजूड दाराला पाठ टेकून उभी राहिले. भाऊजी उंबऱ्यातून शूट करत होते. आत उणे अठरा. दार उघडं राहिलं म्हणून अलार्म बोंबलत होता, माझं रेकॉर्डिंग पार मातीत गेलं. मॅडमचे साहेब धावत आले. "दार लावा, नाहीतर काम बंद!"

"करा बंद!" मी म्हणाले. भाऊजींनी कपाळाला हात लावला. मला मात्र काय बरं वाटलं म्हणून सांगू!

शेवटच्या मांडणीमागे मॅडम जरा वेळ दिसेनाशी झाली, तेव्हा मी जीव तोडून हाका मारल्या. आली बाहेर. धडधाकट, हसत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी दार सोडलं आणि ते आपल्या वजनानं लागलं.

आतून धपधप सुरू झाली.

हेडफोन माझ्या गळ्यात होते. या वेळी सगळ्यांनाच ऐकू आलं. "अहो, कोणी आहे का? दार उघडा ना! मी आत राहिलेय!" साहेब भिंतीला जाऊन टेकले. भाऊजी कॅमेरा बंद करायचं विसरले. मॅडम माझ्या शेजारी उभी होती, तोंड मिटलेलं.

मी दाराच्या दांड्याला हात घातला. तिनं माझ्या हातावर आपला हात ठेवला.

"नको, ताई," ती शांतपणे म्हणाली. "क्लायंट मी आहे ना? माझं ऐका."

आतला आवाज आता रडायला लागला होता. "ताई, तुम्ही बाहेर आहात ना? हाक मारत होतात ना मला?"

आवाज तोच, हेलही तोच. कोणाचं ऐकायचं?

वीस मिनिटं ही बाई उणे अठरात होती. आणि माझ्या हातावरचा तिचा हात चांगला गरम होता, नुकताच चहाचा कप खाली ठेवावा तसा.

मी तो हात झटकला आणि दांडा ओढला.