कोसम चौकात पेट्रोल कोण पितं?

बिरेकवाले बाबांच्या धामापुढे मोटारसायकलींची अशी रांग लागायची, की बघणाऱ्याला वाटावं, इथं माणसं नाही, गाड्याच नवस फेडायला आल्यात. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. लाल दिव्यांच्या गाड्या आल्या, बाहेरगावची माणसं आली, रस्ते रुंद होऊ लागले. त्या रुंदीकरणात एका चौकातलं कोसमचं जुनं झाड कापलं गेलं. झाड गेलं, चौकाचं नाव तेवढं राहिलं. बाबांच्या मते मात्र आणखीही कोणीतरी राहिलं होतं.

“उसका घर काट दिए,” बाबा माइकवर सांगत. “अब वो कहाँ रहे? चौक में खड़ा है. प्यासा है. पानी नहीं पीता. पेट्रोल पीता है.”

हसू येतंय ना? समोर बसलेल्यांना येत नव्हतं, कारण त्यातल्या निम्म्यांना अनुभव होता. बाबांचा लाल धागा हँडलला न बांधता जो धामातून निघे, त्याची गाडी किलोमीटरभर नीट चाले आणि कोसम चौकाच्या आसपास गचके देऊन बंद पडे. पेट्रोल संपत आलं की गाडी गचके देते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग डाव्या गुडघ्याखाली हात घालायचा आणि पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची ती चिमुकली तोटी, रिझर्ववर फिरवायची. लोक फिरवत. ढकलत कडेला नेईपर्यंत गाडी सुरू होई. मग टाकीचं झाकण उघडून बघावं, तर पेट्रोल काठोकाठ. भरल्या टाकीची गाडी रिझर्वला लागतेच कशी? माणूस घामेजून धामात परत येई, धागा बांधून घेई, आणि त्यानंतर गाडी कधीच बंद पडत नसे.

बाबांचं हेल्मेटवरही प्रवचन होतं. डोक्यावर ढक्कन ठेवलं तर कृपा आत शिरणार कुठून? लोक माना डोलवत आणि हेल्मेट काढून हँडलला अडकवत.

तात्यापारा मोहल्ल्यातली गंधाली दहावीत होती. तिची आई वनमाला ही बाबांची नवी भक्त. त्या मंगळवारी वनमालाबाईंनी मोठ्या मुलाला, शिशिरला, धामात ओढून नेलं. नवी नोकरी, रोजचा रस्ता कोसम चौकातून, तेव्हा धागा हवाच. शिशिर बाबांचं भाषण ऐकून खो-खो हसला.

“काहून हसून राहिला रे? लोकं पाहून राहिले,” आई कुजबुजली.

“आई, टंकी फुल है. सुबह ही भरवाई,” तो म्हणाला. आईनं मराठीत बोलावं आणि यानं हिंदीत उत्तर द्यावं, हे त्यांच्या घरात रोजचंच होतं. त्यानं हेल्मेट चढवलं, धागा नको म्हणून सांगितलं, आणि आरती होईस्तोवर थांबणाऱ्या आईला तिथंच ठेवून निघून गेला.

बाबांनी माइकवरूनच शांतपणे म्हटलं, “जाने दो. चौक में मिलेगा.”

पाच मिनिटांनी तो चौकात मिळालाच. गाडी भर रहदारीत गचकली, शिशिर तोटी फिरवायला खाली वाकला, त्याची नजर रस्त्यावरून हटली आणि मागून आलेल्या छोट्या ट्रकनं त्याला उडवलं.

बुधवारी सकाळी इस्पितळात डॉक्टर मंदाकिनीबाईंनी आधी हेल्मेट दाखवलं. ते एका अंगानं चिरफळलं होतं. हे डोक्यावर नसतं, तर मी तुमच्याशी पायाबद्दल बोलतच नसते, असं त्या म्हणाल्या. मग पायाबद्दल बोलल्या. नडगीचं हाड मोडून बाहेर आलं होतं, खालच्या भागाचं रक्त अडत होतं. हाडात सळी घालून पाय सरळ करायला हवा होता, आणि तोही आजच. पाच वाजेपर्यंत त्यांनी शस्त्रक्रियेची खोली राखून ठेवली होती. उद्यावर गेलं तर पाय वाचवायचा नाही, कापायचाच विचार करावा लागेल.

शिशिर गुंगीत होता. वडिलांच्या, नरहररावांच्या, हातात संमतीचा कागद आला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, तशी वनमालाबाई आडव्या आल्या. बाबांचा निरोप रात्रीच आला होता. चौकातल्यानं पोराचा पाय धरलाय. शरीरात लोखंड गेलं, तर तो आतच कोंडला जाईल आणि जीव घेऊनच निघेल. गुरुवारी अमावास्येला पोराला उचलून धामात आणा.

“सही केली तं माझं मेलं तोंड पाहाल,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. “मीच नेलं होतं त्याले तिथं. माझ्यासमोर बाबा बोलले, चौकात मिळंल म्हणून. मिळाला ना? आता तुम्ही मले शिकवू नका.”

नरहररावांनी कागद चौपदरी करून खिशात घातला. गंधाली रडली, भांडली, डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. आई पलंगाच्या पायथ्याशी हातपाय आवळून बसली, ती हलेना. जिचं भाकीत डोळ्यांदेखत खरं झालंय, तिच्याशी कोणत्या तोंडानं वाद घालायचा?

दहा वाजता गंधाली भावाचे कपडे आणायला घरी निघाली. गल्लीच्या तोंडाशी भैय्यालाल मिस्त्रीचं गॅरेज. शिशिरची लाल गाडी सकाळीच हातगाडीवरून तिथं आली होती. पुढचं चाक वाकलेलं, दिवा फुटलेला, आणि टाकी हलवली की आत पेट्रोल डुचमळत होतं. ते डुचमळणं ऐकून गंधालीच्या अंगावर काटाच आला. म्हणजे बाबा म्हणतात ते...?

भैय्यालालनं इंजिन जिवंत आहे का ते बघायला किकवर पाय ठेवला आणि त्याचा डावा हात, न बघता, टाकीखाली गेला. सवयीचा हात. गंधालीनं तो मनगटापाशी धरला.

“भैया, रुको. पहले देखो, कॉक कहाँ है.”

भैय्यालाल वाकला. कॉक बंद होता.

गेल्या उन्हाळ्यात शिशिरनंच तिला मैदानावर ही गाडी शिकवली होती. अख्ख्या वर्गात गिअरची गाडी येणारी ती एकटी, आणि त्या दिवसापासून ती जरा छाती काढूनच चालत होती. शिशिर कॉक कधीच बंद करत नसे. त्यावरून बाबांची बोलणी खात असे. बाबा म्हणजे नरहरराव, बिरेकवाले नव्हेत.

“बंद कॉकवर गाडी किती जाईल?” तिनं विचारलं.

कार्बोरेटरच्या वाटीत घोटभर पेट्रोल असतं, ते संपेस्तोवर जाते, भैय्यालालनं सांगितलं. एखादा किलोमीटर. मग गचके देते. अगदी रिझर्वला लागल्यासारखी.

धाम ते कोसम चौक. एखादा किलोमीटर.

गंधाली मटकन टायरवर बसली. सगळ्यांनी टाकीत डोकावून बघितलं होतं, तोटीकडे कोणीच नाही. बघणार कसं? गाडी गचकली, की ज्याचा त्याचा हात आपोआप कॉक फिरवत होता. चोराच्या पाऊलखुणा घरधनीच पुसत होता. शिशिरचा हात तेवढा पोचला नव्हता.

“पर नोनी,” भैय्यालाल म्हणाला. मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरींना तो नोनीच म्हणे. “पुलिसवाले ने बंद किया होगा, तो?”

शंका रास्त होती. आईनंही हेच विचारलं असतं. नुसता अंदाज घेऊन गेलं, तर आई पलंगापासून हलणार नव्हती. आणि अकरा वाजत आले होते.

गंधाली घरात धावली आणि वडिलांच्या कचेरीच्या शिक्क्यांसाठी ठेवलेली जांभळ्या शाईची बाटली घेऊन आली. भैय्यालालनं ती शाई ग्रीसमध्ये कालवली आणि आपल्या गाडीच्या कॉकला मागच्या अंगानं चोपडली. पुढून काही दिसत नव्हतं.

आईला बाहेर काढणं सोपं गेलं. बाबांनाच विचारून येऊ, म्हटल्यावर ती उठली, पण धाम दुपारी तीनला उघडेपर्यंत थांबावं लागलं. नरहरराव शिशिरपाशी थांबले. मायलेकी ऑटोरिक्षानं गेल्या. भैय्यालाल हेल्मेट घालून आपल्या गाडीवरून पुढे गेला, गाडी रांगेत लावली आणि धागा बांधणाऱ्या शंकरला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की मला धागाबिगा नको, मी नुसता बघायला आलोय. शंकर मिशीतल्या मिशीत हसला. गाड्या नीट लावायचं कामही तोच करायचा.

आत बाबांचं चाललं होतं. कालच्या अपघाताची त्यांनी गोष्ट करून टाकली होती. एक लड़का हँसा था, और देखो. गंधालीनं आईकडे पाहिलं. आईचे ओठ पांढरे पडले होते. पाव तास गेला. अर्धा तास गेला. एवढ्या वेळात शाई लागलीच नसेल तर? शंकरनं आज भैय्यालालची गाडी सोडून दिली असेल तर? तेवढ्यात शंकर धागे घेऊन आत आला, तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं आणि उभी राहून भैय्यालालकडे बोट दाखवलं.

“महाराज, ये भैया धागा नहीं बँधा रहे. इनकी गाड़ी चौक पार करेगी?”

बाबांनी डोळे मिटले. मान हलवली. “नहीं करेगी. टंकी भरी हो, तब भी नहीं.”

“पक्का?”

“अरे बिटिया, लिखा हुआ है.”

“लिखा तो है,” गंधाली म्हणाली. “शंकर भैया के हाथ पर.”

सगळ्या माना वळल्या. शंकरनं हात पाठीमागे नेले, पण जवळच्या दोघांनी ते पुढे ओढले. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जांभळं. तो म्हणाला, ग्रीस आहे. भैय्यालाल म्हणाला, आहेच, माझंच आहे, आणि माझ्या कॉकला लावलेलं आहे. लोक रांगेकडे धावले. भैय्यालालच्या गाडीचा कॉक बंद. मग कोणीतरी शेजारची गाडी बघितली. बंद, आणि त्याच्यावर जांभळा ठसा. पुढं आणखी एक, तीही बंद. दोन्ही गाड्यांचे मालक धाग्याला नको म्हणाले होते. त्यातला एक जण निघायच्या बेतातच होता. त्यानं चार वर्षांच्या मुलीला टाकीवर पुढे बसवलं होतं. त्यानं तिला उचलून छातीशी धरलं आणि तो तसाच उभा राहिला.

बाबांनी माइक सोडला नाही. ही पण त्याचीच लीला, तो आता शंकरच्या अंगात शिरलाय, असं ते सांगू लागले. तेव्हा धामात पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. माइकची वायर कोणी काढली ते कळलं नाही, पण नंतर बाबांचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

वनमालाबाई हसल्या नाहीत. त्या रांगेपाशी गेल्या, भैय्यालालच्या गाडीपुढे उकिडव्या बसल्या आणि ती तोटी फिरवून बघितली. बंद. चालू. बंद.

“एवढीशी?” त्या म्हणाल्या.

मग शंकरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “काल माझा पोट्टा आला होता. लाल गाडी. तू बंद केली होती?”

शंकर खाली बघत होता. “माताजी, हम तो सबका करते हैं. रुक जाती है, बस. मारने के लिए थोड़े ही...”

गर्दी त्याच्यावर आणि बाबांवर तुटून पडायच्या आत भैय्यालालनं दोघांना एका खोलीत कोंडलं आणि पोलिसांना बोलावलं. मायलेकी त्यासाठी थांबल्या नाहीत. ऑटोत आईनं एकच प्रश्न चार वेळा विचारला, किती वाजले. पुलापाशी गाड्या खोळंबल्या होत्या. उरलेला रस्ता दोघी चक्क पळत गेल्या.

साडेचारला वनमालाबाई नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. “काढा तो कागद.”

नरहररावांनी खिशातून कागद काढला. कागद ठेवायला काही नव्हतं, तेव्हा वनमालाबाईंनी भिंतीकडे तोंड करून आपली पाठ पुढे केली. नवऱ्यानं बायकोच्या पाठीवर कागद धरून सही केली. पाठ हुंदक्यांनी हलत होती, म्हणून ती सही आजही वेडीवाकडी दिसते.

पाय वाचला. दोन बोटं आखूड झाला, शिशिर थोडा लंगडतो, पण चालतो. शंकरनं त्या दिवशी कॉकला हात लावला नसता, तर शिशिर तेवढाही लंगडला नसता.

वाचणाऱ्यांनो, गाडी भर रस्त्यात गचकली तर खाली वाकू नका. आरसा बघा, हात दाखवा, कडेला घ्या, थांबा, आणि मग काय ते फिरवा. कॉक निघण्याआधीच बघा. हेल्मेट हँडलला नसतं घालायचं. हँडलला डोकं नसतं. आणि कोणी म्हणालं, की अमुक चौकात तमुक होतं, तर “खरं का?” एवढं विचारून थांबू नका. “कसं?” विचारा. कसं विचारलं की भुतं घाबरतात.

वनमालाबाई आता कोणाच्याही हँडलला काही बांधत नाहीत. घरातल्या कोणी गाडी काढली, की त्या दारात येतात, पदर खोचून वाकतात, तोटी बघतात आणि नारळ पारखावा तसं हेल्मेटवर बोटानं टकटक करतात. कोसमच्या झाडावर कोणी राहतच असेल, तर पाखरं राहत होती, असं त्या सांगतात. आणि पाखरं काही पेट्रोल पीत नाहीत.