काठोकाठ भरलेला निळा डबा

मी रंगाचा एक जुना डबा आहे, मित्रांनो. आतला गडद निळा रंग अजून जवळजवळ काठापर्यंत आहे. जुना होऊनही भरलेला राहिलो, हेच माझं दुःख.

माझा जन्म स्वीडनमधल्या सुंद्स्वाल गावी, रंगाच्या दुकानात झाला. यंत्राने निळ्या-काळ्या रंगाचे थेंब मोजून सोडले आणि मला घुसळलं.

दहा वर्षांची इल्वा एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे राहायची. तिचे बाबा स्टाफान यांनी दुकानातून दोन डबे आणून तिच्या खोलीच्या भिंतीवर दोन पट्टे ओढले. एक फिकट बेज, दुसरा माझा.

"बोल राणी, कुठला?"

"बेज? शी! उकडलेला बटाटा नुसता. निळाच!"

"अंधार होईल हं खोलीत."

"होऊ दे. झोपायलाच तर असते ती."

"बरं बाई! पुढच्या शुक्रवारी आलीस की दोघं मिळून लावू. नक्की."

इल्वाने माझ्या पट्ट्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली. माझ्या आयुष्यातलं कौतुक तेवढंच.

ती आईकडे गेली आणि सोमवारी स्टाफाननी बेजचा डबा उघडला. दोन हात मारले तरी मी खालून सावलीसारखा दिसत होतो. तिसऱ्या हातात मी बुजलो, तिची खूणही बुजली.

शुक्रवारी इल्वा जुना शर्ट घालून, ब्रश घेऊन आली. खोलीच्या दारातच थबकली.

"हे काय, बाबा?"

"रविवारी माणसं घर बघायला येणारेत, पिल्लू. बेजमुळे खोली मोठी दिसते म्हणे."

"कुणाचं घर?"

"आपलं. विकतोय."

"मला रंग विचारलास तेव्हा माहीत होतं तुला?"

स्टाफान भिंतीकडे बघत राहिले. "होतं. तू इतकी खुशीत होतीस... म्हटलं, सांगू नंतर."

"मग विचारलंसच कशाला?"

इल्वाने आईला फोन लावला. "आत्ता न्यायला ये मला."

मुद्दाम बनवून घेतलेला रंग दुकानदार परत घेत नाही, म्हणून मी तळघरात आलो. घर विकलं गेलं. मी फळीवरच राहिलो. झाकण नीट ठोकलं नव्हतं, त्यामुळे वर जाड साय धरली आहे.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल. तेव्हा रंगाचं झाकण घट्ट बसवा. आणि एखादी गोष्ट आधीच ठरली असेल, तर मुलांना तसं सरळ सांगा. मूल रडेल, रडू द्या. पण त्याला ब्रश घेऊन यायला लावू नका.