वेम्बलीचं गवत

१९७७च्या जूनमध्ये, ऐन इंग्लंडविरुद्धच्या फुटबॉल सामन्याच्या आठवड्यात, स्कॉटलंडमधल्या मदरवेलचा आर्ची केर्नी शिडीवरून पडून पाय मोडून बसला. पाय दुखत होताच, पण तिकीट वाया जाणार याचं दुःख त्याहून मोठं.

"तूच जा," तो शेवटी बायकोला म्हणाला.

त्याची बायको नेटा हिने आजवर फुटबॉलकडे पाठ करून विणकामच केलं होतं. तरी आर्चीचा चौकड्यांचा मफलर गुंडाळून ती धाकटा दीर डूगीबरोबर बसमध्ये चढली. लंडन येईपर्यंत बसमधल्या पोरांनी तिचे सँडविच फस्त केले आणि तिला दोन गाणी शिकवली. त्यातलं एकच चर्चमध्ये म्हणण्यासारखं होतं.

वेम्बलीच्या स्टेडियमवर जिकडे पाहावं तिकडे आपलीच माणसं. पहिला गोल झाला तेव्हा नेटा डूगीला विचारत होती, "आपले कुठले?" दुसरा झाला तेव्हा ती एका अनोळखी लाल दाढीवाल्याच्या गळ्यात पडली होती.

आपले दोन, इंग्लंडचा एक. शेवटची शिट्टी वाजली आणि बांध फुटावा तशी माणसं मैदानात घुसली.

"वहिनी, तुम्ही इथंच थांबा," डूगी म्हणाला.

वहिनी केव्हाच कठड्यावर चढल्या होत्या. दाढीवाल्याने त्यांना अलगद पलीकडे उतरवलं.

हिरवळीवर पाय पडला आणि नेटाला हसू आवरेना. पोरं गोलच्या आडव्या दांडीवर चढून बसली होती. ती कडकन मोडली. जो तो आठवण म्हणून गवत उपटत होता. नेटाने पर्समधून विणकामाची सुई काढली, गुडघे टेकले आणि खणायला लागली.

"बाई, हे काय चाललंय?" वर एक पोलीस उभा होता.

"नवऱ्याचा पाय मोडलाय. औषध नेतेय."

पोलिसाने सभोवार पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "मग मुळासकट न्या."

दुसऱ्या दिवशी तिने सँडविचच्या कागदातला तो गवताचा तुकडा आर्चीच्या प्लास्टरवर ठेवला. आर्चीने तो हुंगला. त्याचे डोळे भरून आले.

"गोल कसे झाले ते सांगू?" नेटाने विचारलं.

"ते टीव्हीवर पाहिले मी. तू काय केलंस ते सांग."

"नाचले."

"कशी?"

तिने स्वयंपाकघरात नाचून दाखवलं. आर्ची कुबडीने ठेका धरू लागला. शेजारच्या पर्डीबाई तक्रार करायला आल्या, गवत पाहून घरी परतल्या आणि व्हिस्कीची बाटली घेऊन पुन्हा आल्या.