टेकडीमागचं विमान

"पण ते डावीकडे वळलं, हे ह्याला कळलं कसं?" शंकाताईंनी पडद्यावर पेन्सिल टेकवून विचारलं.

शेजारच्या खुर्चीतल्या रडारवाल्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "आता काय झालं?"

"शत्रूचं विमान टेकडीमागे गेलं. रडारला टेकडीपलीकडचं दिसत नाही ना?"

"नाही दिसत."

"मग तिकडे ते वळल्याबरोबर इकडे रडारवरची खूण कशी वळली?"

"योगायोग असेल, ताई."

शंकाताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लढाऊ विमानांचा खेळ बनवणाऱ्या त्या कंपनीत चुका शोधायचं काम त्या करत. एकच उड्डाण दिवसातून चाळीस वेळा करायचं आणि कुठे काय बिनसलं ते लिहून काढायचं. वय त्रेपन्न, आणि खऱ्या विमानात आजवर पाऊलही ठेवलेलं नाही. डोक्यात एकदा शंका शिरली की तिचा पिच्छा सोडायच्या नाहीत, म्हणून ऑफिसातल्या पोरांनी त्यांचं हे नामकरण करून टाकलं होतं. त्यांची पद्धतही जगावेगळी. पडद्यावर बटर पेपर चिकटवायचा आणि दर सेकंदाला रडारची खूण दिसेल तिथे पेन्सिलीने टिंब द्यायचं. संगणक सगळं आपोआप नोंदवतो, मग हा उद्योग कशाला, असं साहेबांनी एकदा विचारलं होतं. "चोराकडूनच चोरीचा पंचनामा करून घ्यायचा का?" असं शंकाताईंनी उलट विचारल्यावर साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता ही चोरी कसली, ते सांगायला हवं. खेळ चालवणाऱ्या संगणकाला सगळंच ठाऊक असतं. कुठलं विमान कुठे आहे, किती वेगात आहे, कुणीकडे तोंड करून आहे. ऑफिसात तिला 'खरी यादी' म्हणत. खेळणाऱ्याच्या रडारवर मात्र त्यातलं खऱ्या रडारला दिसलं असतं तेवढंच दाखवायचं. ती 'दिसलेली यादी'. त्यामुळे खेळातल्या रडारचा प्रोग्राम लिहिणाऱ्या रडारवाल्याचं सगळं कसब लपवण्यात होतं. विमान टेकडीआड गेलं, लपव. रडारला आडवं उडायला लागलं, म्हणजे ना जवळ येतंय ना लांब जातंय, की जमिनीच्या गोंगाटात हरवलं असं धरून लपव. इंजिनाची उष्णता हुंगणारा दुसरा एक डोळा होता, त्याच्यासमोर ढग आला की त्यालाही आंधळं कर. आणि हरवलेल्या विमानासाठी रडारने आठ सेकंद अंदाज बांधायचा. शेवटचं दिसलं तेव्हा ज्या दिशेने, ज्या वेगाने जात होतं तसंच जात असेल असं धरून खूण पुढे सरकवत राहायचं. तेवढ्यात पुन्हा दिसलं तर ठीक, नाहीतर खूण पुसून टाकायची.

"अंदाज आहे ना? मग तो सरळ जायला हवा," शंकाताई म्हणाल्या. "चल, तू शत्रू हो. टेकडीमागे गेलास की मनाला येईल तिकडे वळ. मला सांगू नकोस."

सहा वेळा करून पाहिलं. सहा कागद टेबलावर ओळीने मांडले. रडारवाला जिकडे जिकडे वळला होता, तिकडे तिकडे टिंबंही इमानदारीत वळली होती. त्याने डोकं खाजवलं, आपला प्रोग्राम उघडला, आणि पाच मिनिटांनी जीभ चावली.

"माझंच काम आहे हे. त्या प्रदर्शनात खेळ मांडला तेव्हा खूण सारखी थरथरत होती. घाईघाईत दिशा खऱ्या यादीतून उचलली. दोन दिवसांपुरती म्हणून. दीड वर्ष झालं त्याला."

"म्हणजे हा चोरून बघत होता."

"हो. आणि वर तोंड करून म्हणत होता, अंदाज आहे."

एरवी शंकाताईंनी अशा वेळी सगळ्यांना चहा पाजला असता. आज त्यांनी सहाही कागद गोळा करून पालथे ठेवले, कारण हेच काम त्या स्वतः सहा वर्षं घरी करत आल्या होत्या.

त्यांचा धाकटा भाऊ अठरा वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून घराबाहेर पडला तो पडलाच. पुढे वडील गेले, तरी आला नाही. सहा वर्षांपूर्वी त्याने कुठूनसा बहिणीचा नंबर मिळवला आणि फोन केला. पण अट घातली. आईला कळता कामा नये. "बाबा मला बाहेर काढत होते तेव्हा ती गप्प उभी होती. तिला सांगितलंस तर हा फोनही बंद." शंकाताईंनी शब्द दिला आणि पाळलाही. निदान त्यांना तसं वाटत होतं.

आईला मात्र एक चाळा होता. काम करता करता ती मध्येच म्हणायची, आता तो कुठे असेल गं? आणि स्वतःच अंदाज बांधायची. "एखाद्या ऑफिसात चिकटला असेल." त्यावर शंकाताई सहज म्हटल्यासारखं म्हणायच्या, "तो कसला टेबलाशी बसतोय? हाताने काहीतरी दुरुस्त करत असेल." भाऊ बोटींच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करत होता. आई म्हणायची, लग्न केलं असेल. शंकाताई म्हणायच्या, मला नाही वाटत बाई. असा सहा वर्षं त्यांनी आईचा अंदाज हळूच वळवत नेला होता. आईला तेवढाच आधार, अशी स्वतःची समजूतही घातली होती.

आणि तीन आठवड्यांपूर्वी त्या कारखान्याच्या मुकादमाचा फोन आला. भाऊ काम करता करता छातीत कळ येऊन गेला होता. नंबर शोधण्यात चार दिवस गेले होते, तोवर सगळं उरकलं होतं. आईला सांगायचं तर सहा वर्षांचं खोटंही सांगावं लागणार होतं. रोज संध्याकाळी त्या मनाशी ठरवून घरात शिरत, आणि रोज तोंडाला कुलूप लागे.

दुपारपर्यंत रडारवाल्याने चूक दुरुस्त केली. शंकाताईंनी नवा कागद लावला. विमान टेकडीमागे जाऊन वळलं, खूण मात्र बिचारी सरळ जात राहिली. एक, दोन, तीन. आठव्या टिंबानंतर नाहीशी झाली.

"आता कसा प्रामाणिक झाला बघा," रडारवाला खुशीत म्हणाला.

"हो," शंकाताई म्हणाल्या. त्यांना ते बघवलं नाही.

घरी आई मटार सोलत बसली होती. सत्त्याहत्तर वर्षांची. सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेली. लोकांचं बोलणं कानावर पडायचं आणि ऐकलंच नाही असं वागायचं, ही तिची जुनी सवय. मुलीच्या कामाबद्दल मात्र तिला भारी कुतूहल.

"आज काय पकडलंस?"

शंकाताई समोर बसल्या, एक शेंग उचलली आणि सगळं सांगितलं. टेकडी, दोन याद्या, सहा कागद. आईने मध्ये मध्ये नेमके प्रश्न विचारले. आठच सेकंद का? हरवलेलं विमान परत दिसलं, तर ते तेच हे कशावरून? साहेबांना जे समजायला आठवडा लागला असता, ते तिला एका वाटीभर मटारात समजलं.

"आणि ती चोरवाट बंद केल्यावर?"

"मग खूण सरळ जाते. कुठे वळतच नाही."

आईने शेंग फोडली, दाणे वाटीत सोडले. "तुझंही तसंच चाललंय," ती म्हणाली. "तीन आठवडे."

शंकाताईंचा हात थांबला.

"आधी मी काही चुकीचं बोलले की तू वळवायचीस मला. मला कळायचं. तुला त्याचा फोन येतो, हेही कळायचं. म्हटलं, बोलतोय ना कुणाशी तरी, बोलू दे. मी विचारलं असतं तर तोही बंद झाला असता." आईचा आवाज नेहमीसारखाच होता. "आता मी काहीही म्हणाले तरी तू 'असेल' म्हणतेस. परवा मुद्दाम म्हणाले, तो बँकेत मॅनेजर झाला असेल. तरी म्हणालीस, असेल."

भिंतीवरचं घड्याळ, ओटा, वाटी, सगळं शंकाताईंच्या डोळ्यांपुढे विरघळायला लागलं.

"कधी?" आईने विचारलं.

"चार आठवडे होतील मंगळवारी. मला उशिरा कळलं, आई. एकदम गेला, त्रास नाही झाला फार. मी रोज सांगणार होते गं."

"माहितीये." आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "मला सांगायचं नाही, असं त्यानेच बजावलं होतं ना? का?"

यापुढे काही लपवायचं नाही, एवढं शंकाताईंनी ठरवलं. "तू त्या दिवशी गप्प राहिलीस म्हणून."

"राहिले खरी," आई म्हणाली. "बरोबर आहे त्याचं."

मग ती रडली. आवाज न करता, ताठ बसून. शंकाताई उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्याही रडल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी लावत होतं, पुढे घे, मागे घे, असं चाललं होतं.

"फोटो आहे?" आईने विचारलं.

"आहे. मागच्या वर्षी पाठवला होता." शंकाताई पर्स घ्यायला उठल्या.

"थांब. लगेच नको. आधी मला सांगू दे." आईने डोळे मिटले. "कपाळावरचे केस गेले असतील, बाबांसारखे. दाढी असेल, ती तू मागेच बोलून गेलीस. चष्मा नसेल, लागला तरी घालणार नाही तो. आणि हडकला असेल. एकट्या माणसाचं कुठे लक्ष असतं खाण्याकडे? गालफडं बसली असतील अगदी."

शंकाताईंनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोटो उघडून फोन आईच्या हातात दिला.

आईने नॅपकिनला हात पुसले, चष्मा चढवला आणि फोन आधी लांब, मग जवळ धरून पाहिला. एक बोट त्या चेहऱ्यावरून, मग मानेवरून, मग पोटावर ताणलेल्या शर्टावरून सावकाश फिरवलं.

"जाड झाला होता," ती म्हणाली. "चांगला जाड झाला होता गं."